पुनर्वसनाची इमारत, बंद खिडक्या आणि टीबी: गोवंडीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डातलं आहे, गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यातलं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं, वसाहत, विंग काहीच लिहीत नाहीये आणि एकदोन बारीक तपशील मुद्दाम बदललेत. आम्ही त्या भागात आरोग्याचं काम करणारी छोटी टीम आहोत, टीबीचे पेशंट गोळ्या मधेच सोडणार नाहीत हे बघणं हे आमचं मुख्य काम. घरांचा प्रश्न आमच्या कामात येतो असं कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, पण या भागात काम करायचं आणि घराकडे बघायचं नाही हे शक्यच नाही.

कुटुंब पाच जणांचं. वडील शिफ्टवर रिक्षा चालवतात, आई घरी बसून जीन्सचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात. सतरा वर्षांची मुलगी अकरावीला, धाकटा भाऊ सातवीत, आणि आजी. आधी हे लोक रेल्वे रुळालगतच्या झोपडपट्टीत राहायचे. रेल्वेच्या विस्तारासाठी तिथल्या झोपड्या हटल्या तेव्हा त्यांना इथे सात मजली इमारतीत 225 चौरस फुटांची खोली मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या लोकल आणि रस्त्यांसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून जो मोठा प्रकल्प 2002 मध्ये मंजूर झाला त्यात हजारो कुटुंबं अशीच हलली, आणि पुनर्वसनाबद्दलच्या तक्रारींमुळे 2006 मध्ये बँकेनं कर्जाचा काही भाग काही महिने रोखूनही धरला होता. म्हणजे घरं देण्यात गडबड आहे हे तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं.

आजी अजून सांगते की चावी मिळाली त्या दिवशी तिनं पेढे वाटले होते. पक्कं छप्पर, घरातच संडास, घरातच मोरी, पावसात भांडी तरंगणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे कोणी बुलडोझर घेऊन येणार नाही. हे खूप मोठं सुख आहे आणि ते मी जराही कमी लेखत नाही. अशा घरांवर टीका करताना लोक हे विसरतात म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

2023 च्या उन्हाळ्यात मुलीला खोकला सुरू झाला. आधी धुळीचा म्हणून सोडून दिला, मग गल्लीतल्या डॉक्टरकडून दोनदा औषध आणलं, वजन उतरत गेलं, संध्याकाळी अंग गरम. आमच्या भागातल्या आरोग्य सेविकेनं बेडका तपासायला पाठवलं आणि टीबी निघाला. नशीब एवढंच की नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला, रेझिस्टंट नव्हता. सहा महिन्यांचा कोर्स, गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट, आणि टीबीच्या पेशंटला पौष्टिक खाण्यासाठी सरकार पैसे देतं त्या निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला 500 रुपये.

इथपर्यंत हे आमच्यासाठी रोजचंच काम होतं. पण घरी गेल्यावर आजी बोलता बोलता म्हणाली, "याच मजल्यावर हा तिसरा की चौथा असंल बघ." समोरच्या खोलीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी, टोकाच्या खोलीतली एक बाई, आणि खाली पहिल्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ, ते तर गेलेच. आमच्या रजिस्टरमध्ये ही सगळी नावं वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या पानांवर होती. एका इमारतीच्या नकाशावर ती कोणीच मांडून बघितली नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि ट्यूबलाइट चालू होती. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या बाजूला. ग्रिलला आतून प्लॅस्टिकची जाड शीट सुतळीनं बांधलेली, शीटवर बाहेरून काळपट ओघळ सुकलेले, आणि आतून त्यावरच कॅलेंडर अडकवलेलं. मी विचारलं खिडकी उघडत नाही का, तर आईनं काही न बोलता सुतळी सोडली आणि शीट जराशी बाजूला केली. वास असा आला की आजीनं पदर नाकाला लावला. समोर तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि मधल्या हाऊस गल्लीत कचरा पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या कडेपर्यंत चढलेला. पिशव्या, नॅपकिन, उरलेलं अन्न, फुटलेल्या पाइपातून गळणारं संडासाचं पाणी, उंदीर. वरून कोणी पिशवी टाकली की ती खालच्यांच्या ग्रिलवर आपटून फुटते, म्हणून शीट.

म्हणजे नकाशात खिडकी आहे, मंजुरीच्या कागदावर वायुवीजन आहे, आणि प्रत्यक्षात पाच माणसं एका बंद डब्यात झोपतात. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि हवा खेळती नसेल तर तासन् तास तिथेच राहतात. ऊन आलं तर मरतात, वारा असेल तर पांगतात. इथे दोन्ही नव्हतं.

हे काही आम्हाला लागलेलं नवं ज्ञान नव्हे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं याच वॉर्डातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहतींचा अभ्यास करून 2018 च्या सुमारास दाखवून दिलं होतं की इमारती जिथे चिकटून आहेत आणि खालच्या मजल्यांवर उजेड-वारा पोचत नाही तिथे टीबी जास्त आहे, आणि पीएमजीपीत इमारतींमध्ये अंतर बरं आहे तर तिथे कमी आहे. तिथले लोकही गरीबच, वॉर्ड तोच.

आणि याहून मला जास्त टोचतं ते हे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे बीआयटी आला, बीआयटीच्या चाळी त्यांच्याच, आणि त्यांचा एक साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. साध्या भाषेत सांगायचं तर भिंत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसेल. हा हिशोब आमच्या इमारतीला लावला तर सात मजल्यांच्या, वीसेक मीटर उंचीच्या भिंतीसमोर दहा मीटर जागा लागते. आहे तीन. इंग्रजांच्या काळात प्लेगच्या भीतीनं जे मोजून दिलं होतं ते शंभर वर्षांनी गरिबांना घरं देताना सवलत म्हणून कापलं गेलं, कारण कमी जागेत जास्त घरं बसवायची होती. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या म्हणजे झोपु योजनेत घराचं क्षेत्रफळ 225 चं 269 झालं, मग 300 चौरस फूट झालं, त्यावर मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या, पण दोन इमारतींमधल्या अंतरासाठी कोणी मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

पण इमारत तर बांधून झालीये, ती सरकवता येत नाही. मग प्रश्न उरतो खिडकी का उघडत नाही, आणि तो आम्ही उलटा शोधत गेलो. खिडकी बंद कारण गल्लीत कचरा. कचरा कारण वरच्या मजल्यांवरचे लोक वरूनच टाकतात. का टाकतात, त्यांना घाण आवडते म्हणून नाही, सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या बायकांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, गाडी येते सकाळी सातला, पाणी येतं सहा ते आठ, पाणी भरू की कचरा घेऊन सात मजले उतरू?" (आमच्या टीममधल्या ताईंनी हा प्रश्न विचारला होता म्हणून उत्तर मिळालं, मला कोणी एवढं मोकळं सांगितलं नसतं.) लिफ्ट आहे की, तर लिफ्ट बंद आहे. किती दिवस, आता वर्षं झाली. का, तर कॉमन मीटरचं बिल थकलंय लाखाच्या वर. का थकलं, तर मेंटेनन्स कोणी देत नाही. का देत नाहीत, तर चेअरमन म्हणतात लोक चुकार आहेत आणि लोक म्हणतात लिफ्टच बंद आहे तर पैसे कशाचे देऊ.

त्यातही खरं कारण अजून एक होतं. रुळालगत राहताना या लोकांचं काम स्टेशनजवळ होतं, आई चार घरची धुणीभांडी करायची आणि चालत जायची. इथे आल्यावर ती कामं सुटली. उलट खर्च वाढले, लाइट बिल, पंपाचे पैसे, मेंटेनन्स, मुलांचं बसभाडं. घर फुकट मिळालं पण त्यात राहणं फुकट नव्हतं. हे ज्यांनी योजना आखली त्यांनाही कळत होतं, म्हणून तर अशा इमारतींसाठी दर घरामागे ठराविक रक्कम ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून देखभाल करायची अशी सोय आहे. या इमारतीच्या नावानंही ठेव होती. फक्त तिचं व्याज मिळायला सोसायटीची निवडून आलेली कमिटी, चालू बँक खातं आणि ऑडिट लागतं, आणि यातलं काहीच नव्हतं. कमिटीतले तिघं खोल्या भाड्यानं देऊन केव्हाच निघून गेले होते.

काय काय करता आलं असतं

कुटुंबासमोरचे पर्याय आधी.

वडिलांच्या मनात पहिलं आलं ते मुलीला गावी पाठवायचं, जालन्याकडे, मावशीकडे. तिथे अंगण आहे, मोकळी हवा आहे. गोळ्या तिथल्या आरोग्य केंद्रातून सुरू ठेवता येतात, निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नाव ट्रान्सफर होतं. पण हवा हे वरवरचं कारण होतं, खरं कारण लग्न. इथे कळलं तर पुढे स्थळ येणार नाही, ही भीती. मुलगी मात्र ठाम होती की गावी गेले तर अकरावी बुडेल आणि बुडाली की परत कॉलेजात कोणी पाठवणार नाही. तिचं म्हणणं आम्हाला पटलं. तिच्या वयाच्या किती मुली अशा "थोड्या दिवसांसाठी" गावी गेल्या आणि परस्पर लग्न होऊन गेल्या हे आम्ही बघितलेलं आहे.

दुसरा पर्याय म्हणजे खोली भाड्यानं देऊन टिटवाळा, नाहीतर मुंब्र्याकडे राहायला जायचं. इथलं भाडं येईल त्यात तिकडे थोडी मोठी, हवेशीर खोली मिळेल. बरेच लोक हेच करतात. पण मग बापाचं रिक्षाचं काम, मुलाची शाळा, आजीचा बीपीचा दवाखाना सगळं परत उपटायचं, आणि जी खोली आपण सोडू तिथे दुसरं कुटुंब येऊन झोपणार, त्याच बंद खिडकीखाली.

तिसरा, याच इमारतीत वरच्या मजल्यावर बंद पडलेल्या खोल्या होत्या, त्यातली बदलून मागायची. वाटपाची खोली बदलणं हे अर्ज-विनंत्यांचं लांबलचक प्रकरण, आणि समजा मिळालीच तर आजीला लिफ्टशिवाय सहाव्या मजल्यावर कसं न्यायचं? ती मग घरातच कोंडून पडली असती.

चौथा म्हणजे आहे तिथेच राहून घरातली हवा सुधारायची.

आमच्या टीममध्येही एकमत नव्हतं. एका देणगीदारानं थोडे पैसे देऊ केले होते. एक मत असं की दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या खोल्यांना एक्झॉस्ट फॅन बसवून द्यावेत, काम लगेच दिसतं, फोटो निघतो, देणगीदारही खूश. दुसरं मत, पैसा लिफ्टच्या थकबाकीत घालावा. वाद चांगलाच झाला. फॅनच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, टीबीचा निधी विजेच्या बिलात घातला तर उद्या हिशोब कोण देणार? पण मला एक गोष्ट खुपत होती, एक्झॉस्ट हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरीकडून हवा आत यावी लागते, आणि ती येणार अंधाऱ्या पॅसेजमधून, जिथे दोन्ही बाजूंच्या सोळा खोल्यांची दारं उघडतात. शिवाय मीटर फिरतो म्हणून लोक फॅन बंद ठेवणार हे नक्की. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "दिवसभर चालू ठेवला तर बिल तुम्ही भरणार का?"

अजून एक नाजूक मुद्दा होता, इमारतीला सांगायचं का. टीबीचं नाव घेऊन बैठक बोलावली असती तर लोक आले असते, घाबरून आले असते, पण दुसऱ्या मिनिटाला "कोणाला झालाय" सुरू झालं असतं. मुलीनं आम्हाला सरळ सांगितलं की माझं नाव निघालं तर मी गोळ्या घ्यायला दवाखान्यात पण जाणार नाही.

काय केलं

आधी घरातलं. मुलीची आत्या त्याच वसाहतीत रस्त्याकडच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते, तिच्या खोलीला समोर रस्ता असल्यामुळे वारा भरपूर. औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्यानं कमी होतो हे डॉक्टरांनी आत्याला समोर बसवून सांगितलं, तिच्या घरच्यांचीही तपासणी केली, आणि सुरुवातीचे काही आठवडे मुलगी रात्री तिथे झोपायला जायची असं ठरलं. बाहेरच्यांना सांगायला अभ्यासाचं कारण होतं, परीक्षेच्या दिवसांत सगळीच मुलं इकडेतिकडे झोपतात. घरातल्या चौघांची तपासणी झाली, भावाला आणि आजीला प्रतिबंधक औषध सुरू केलं. आजीनं आधी साफ नकार दिला, "मला काय झालंय," पण नातवानं रोज गोळी घेताना आजीसमोर उभं राहायला सुरुवात केली तेव्हा ती घ्यायला लागली.

मग पॅसेज. यात आमचा एक रुपया लागला नाही आणि भांडणं मात्र सगळ्यात जास्त इथेच झाली. पॅसेजच्या दोन्ही टोकांना खिडक्या आहेत हे मजल्यावरच्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं, कारण एका टोकाला पाण्याचे ड्रम आणि मोडकं कपाट रचलेलं, दुसऱ्या टोकाला कोणाचातरी भंगाराचा साठा. इतक्या लहान खोलीत सामान ठेवायचं कुठे हा त्यांचाही प्रश्न खराच होता. शेवटी एका बाजूचं टोक पूर्ण मोकळं, दुसऱ्या बाजूला कमरेएवढंच सामान, अशी तडजोड झाली. आमच्या कुटुंबानं लोखंडी जाळीचा दरवाजा करून घेतला, म्हणजे लाकडी दार दिवसभर उघडं ठेवता येईल. बघून बघून मजल्यावरच्या आणखी काही जणांनी केला.

इमारतीची बैठक आम्ही टीबीवर घेतलीच नाही, लिफ्टवर घेतली. आणि संध्याकाळी नाही, दुपारी तीनला, जेव्हा बायकांना वेळ असतो. हा निर्णय फार कामाला आला. पुरुषांच्या बैठकीत जुने हिशोब आणि कोणी किती खाल्ले यावर दोन तास गेले असते, इथे बायकांनी पहिल्या अर्ध्या तासात मजल्यामागे एक जण नेमून महिन्याला शंभर रुपये गोळा करायचं ठरवलं, हिशोबाची वही जिन्यात सगळ्यांना दिसेल अशी लटकवायची. चेअरमन काका आधी नाराज होते, पण त्यांना गुडघ्याचा त्रास आणि ते राहतात पाचव्या मजल्यावर, लिफ्ट त्यांनाही हवीच होती.

देणगीदाराला आम्ही खरं तेच सांगितलं की फोटो काढण्यासारखं यात काही नाही, पण खिडकी उघडायचा रस्ता लिफ्टमधून जातो. त्यांनी दोन दिवस विचार करून हो म्हटलं, पण अट घातली की निम्मे पैसे इमारतीनं उभे करायचे. ही अट चांगली होती. वीज कंपनीनं थकबाकीचे हप्ते करून दिले, दुरुस्ती झाली, सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टरची तपासणी झाली, आणि लिफ्ट सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास चालवायची असं ठरलं. त्याच इमारतीतल्या दोन बायका घरामागे थोडे पैसे घेऊन कचऱ्याच्या बादल्या लिफ्टनं खाली नेऊ लागल्या. त्यांना घरबसल्या काम मिळालं आणि वरच्यांची अडचण सुटली.

गल्लीच्या सफाईला मात्र आम्ही थांबलो, आणि लोक आमच्यावर चिडले. इमारतीतली पोरं फावडी घेऊन उतरायला तयार होती, म्हणत होती रविवारी उरकून टाकू. पण खाली नुसता कचरा नव्हता, फुटलेल्या पाइपांचं मैलापाणी होतं, काचा, सुया. माणसाला मैल्यात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही कोणाच्या पोराला त्यात उतरवलं नसतं. आधी पाइप दुरुस्त, मग वॉर्ड ऑफिसच्या मागे लागून सक्शन मशीन आणि गमबूट-हातमोजे घातलेले कामगार, असा क्रम धरला. यात पावसाळा अर्धा निघून गेला. कोणीतरी सुचवलं की तिसऱ्या मजल्याला गल्लीवर आडवी जाळी बांधू, वरचा कचरा अडेल. आम्ही विरोध केला, जाळीवर कचरा साठतो, उरलासुरला उजेडही जातो आणि टाकणाऱ्यांना वाटतं की आता चालतंय.

सप्टेंबर उजाडता उजाडता गल्लीची फरशी दिसली. तिथे राहणाऱ्या मुलांना खाली फरशी आहे हेच माहीत नव्हतं.

काय झालं

मुलीचा कोर्स पूर्ण झाला, शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, वजन आधीच्याही पुढे गेलं. बारावीत गेली. तिचं नाव इमारतीत फुटलं नाही, किंवा फुटलं असेल तरी कोणी तोंडावर काही बोललं नाही. भावाला किंवा आजीला अजूनपर्यंत काही नाही.

खिडकी उघडली. पण लगेच नाही, आणि हे मुद्दाम सांगतोय. गल्ली साफ झाल्यावरही आईनं शीट काढली नाही, तिला विश्वास नव्हता. काही आठवडे वरून एकही पिशवी पडली नाही तेव्हा तिनं शीटचा वरचा भाग कापला, दिवाळीत साफसफाई करताना सगळी काढली. मग डास. डेंग्यूच्या दिवसांत उघडी खिडकी म्हणजे दुसरं दुखणं, म्हणून बारीक जाळी बसवली. जाळीनं वारा थोडा अडतोच, पण शीटपेक्षा हजारपट बरं. खिडकीतून येणारी हवा आणि जाळीच्या दरवाजातून पॅसेजमार्गे जाणारी हवा, एवढं तरी आता होतं. ऊन मात्र येत नाही, येणारही नाही, समोरची भिंत तीन मीटरवरच आहे.

त्याच काळात आरोग्य तपासणीच्या नावाखाली सगळ्या इमारतीची तपासणी घेतली, बीपी-शुगर-खोकला सगळंच, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. त्यात पहिल्या मजल्यावर अजून एक पेशंट सापडला, घरी खोकत बसलेला रिटायर्ड हमाल. आणखी एक गोष्ट कळली ती आम्ही शोधायला गेलोच नव्हतो. लिफ्ट सुरू झाल्यावर वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका वर्षांनी पहिल्यांदा खाली उतरल्या. एक आजी तर दवाखान्यात जायचं टाळून शुगरची गोळीच बंद करून बसल्या होत्या, त्यांची शुगर आता ताब्यात आहे. संध्याकाळी खाली कठड्यावर बायकांचा घोळका बसतो, आधी कोणी एकमेकींना नावानं ओळखत नव्हतं.

सगळंच चांगलं झालं असं मात्र नाही. लिफ्ट मधे एकदा महिनाभर परत बंद पडली आणि लगेच दोन पिशव्या गल्लीत पडल्या. मेंटेनन्स अजूनही सगळे देत नाहीत, भाडेकरू म्हणतात मालकाकडून घ्या आणि मालक फोन उचलत नाहीत. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गल्ली दोन इमारतींची आहे आणि आम्ही काम एकाच इमारतीत केलं. समोरच्या इमारतीत लिफ्ट बंदच, कचरा वरूनच. त्यांच्या बाजूनं ढीग परत चढायला लागलाय. ठेवीच्या व्याजाचं काम अर्धं झालंय, नवीन कमिटी निवडून आली, खातं सुरू झालं, मागच्या वर्षांचं ऑडिट अडकलंय कारण जुन्या वह्याच सापडत नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

पेशंटच्या घरी पहिल्यांदा जाताना आम्ही आता चार गोष्टी लिहून आणतो: मजला कितवा, खिडकी किती आणि उघडते का, नसेल तर का, आणि समोरची भिंत किती लांब. फॉर्ममध्ये याला रकाना नाही, मागच्या कोऱ्या जागेत लिहितो. याच नोंदी पाचेक वर्षांपूर्वी असत्या तर त्या मजल्यावरची नावं एका नजरेत दिसली असती आणि पहिल्या मजल्यावरचे ते गृहस्थ कदाचित वेळेत सापडले असते.

समोरच्या इमारतीला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यायला हवं होतं. तेव्हा आमचा विचार असा की आधी एक इमारत करून दाखवू मग दुसरी बघेल. बघून शिकणं होतं, जाळीच्या दरवाजाचं तसंच झालं, पण ते एका पॅसेजमध्ये राहणाऱ्यांचं. तीन मीटरवरच्या शेजाऱ्यांशी यांचं बोलणंच नाही, दोघांचे जिने वेगळे, गेट वेगळे, फक्त घाण एक.

लिफ्टवर पैसे घालणं बरोबर होतं का यावर टीममध्ये अजून दोन मतं आहेत. माझं मत बदललेलं नाही, पण पाइपदुरुस्ती त्याच्याही आधी घ्यायला हवी होती, कारण ती पावसाळ्याआधी झाली असती तर सफाईला एवढा उशीर झाला नसता. पाइपांसाठी ज्यांनी इमारत बांधून ताब्यात दिली त्या यंत्रणेला लेखी पत्र पहिल्या आठवड्यातच जायला पाहिजे, तोंडी चकरा मारून काही होत नाही, तारीख आणि शिक्का असलेली पोच हातात हवी.

आणि मुलीला गावी न पाठवण्याचा निर्णय. आत्याचं घर नसतं तर काय केलं असतं? प्रत्येकाला हवेशीर खोलीतली आत्या नसते. अशा वसाहतीत रस्त्याकडच्या बाजूला दोन-चार खोल्या आजाऱ्यांसाठी राखून ठेवता येतील का असं आम्ही वॉर्डातल्या अधिकाऱ्यांना विचारलंय, बंद पडलेल्या खोल्या तर आहेतच. अजून उत्तर नाही. नवीन पुनर्वसन इमारतींचे नकाशे मंजूर होताना तिथे बसलेल्या साहेबांनी दुपारी बारा वाजता या दुसऱ्या मजल्यावर येऊन ट्यूबलाइट बंद करून बघावी, हेही लेखी कळवलंय.

समोरच्या इमारतीतल्या बायकांची पहिली बैठक ठरलीय, दुपारी तीनलाच. आपल्या इमारतीतली हिशोबाची वही दाखवायला मुलीची आईच जाणार आहे.